एका रात्रीचं फूल (फॅमिली ग्रुप)

मामी: हा फोटो फिरतोय बघा. अ‍ॅमेझॉनचं मूनफ्लॉवर म्हणे, रात्री फुलतं नि सकाळी संपतं. ब्रह्मकमळच ना हे?

ताई: नाही मामी. निवडुंग दोन्ही, पण ब्रह्मकमळ मूळचं मेक्सिकोकडचं. हे स्ट्रोफोकॅक्टस विट्टी, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या रिओ निग्रो नदीकाठचं. तिथली झाडं वर्षातले कित्येक महिने पुराच्या पाण्यात उभी असतात.

मामा: निवडुंग आणि पुरात? काहीही!

ताई: पाण्यात नाही मामा, झाडावर. पानासारख्या चपट्या फांद्या खोडाला इतक्या घट्ट बिलगतात की डिंकानं चिकटवल्यासारख्या दिसतात. ऊन लागलं की लाल होतात. आणि बियांमध्ये हवेची पोकळी असते, त्या पुरावर तरंगत जातात. म्हणजे पूर हवाच!

आत्या: 😍 एक फांदी मिळेल का गं कुठून?

दादा: आली आत्या!

ताई: मिळाली तरी फुलेल याचा भरवसा नाही. बोटॅनिकल गार्डनवालेही जपून वाढवतात. केंब्रिजला फेब्रुवारी २०२१ मध्ये फुललं तेव्हा लाइव्ह दाखवलं होतं. अंदाज रात्रीचा, आणि बाईसाहेब दुपारीच उघडायला लागल्या 😄

मामी: वास येतो का?

ताई: आधी गोड. नंतर बिघडतो, नाक धरावं असा. फुलाची नळी वीतभराहून लांब, त्यामुळे तळातला मध फक्त फार लांब सोंडेच्या पतंगांनाच पोचतो. पांढरा रंग, वास, सगळं त्या एका पाहुण्यासाठी.

दादा: एका चित्रकार बाईनं बोटीवर बसून काढलेलं फूल हेच ना?

ताई: हो, मार्गारेट मी. ब्रिटिश, पण ब्राझीलमध्ये राहायची. कित्येक वर्षं हे फूल शोधत होती. मे १९८८ मध्ये सापडलं, ऐंशीला टेकली होती तेव्हा. बोटीच्या टपावर बसून, विजेरीच्या उजेडात रात्रभर चित्रं काढली. पतंग काही आला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडात अपघातात गेली.

मामी: अगं बाई 😔

मामा: ऐंशीला टेकून बोटीच्या टपावर! मला जिना चढवत नाही.

आत्या: बरं, फांदी राहू दे. त्या बाईंची चित्रं पाठव, मोठ्या साइझमध्ये.