अनलिमिटेड थाळीला पाटीवर काय लिहावं?

नारळीपाक:
आमच्या दिरांनी नाशिकला गुजराती-राजस्थानी थाळीचं हॉटेल चालवायला घेतलंय. पाटी आणि मेन्यूकार्ड मराठीत हवं. घरात मराठी घेऊन बी. ए. झालेली मी एकटीच, म्हणून काम माझ्या गळ्यात. जुन्या कार्डावर दोन प्रकार आहेत: अनलिमिटेड थाळी आणि लिमिटेड थाळी. दुसऱ्या प्रकारात तीन पोळ्या, दोन भाज्या, भात एकदाच. मी सरळ 'अमर्यादित' आणि 'मर्यादित' लिहून दिलं. दीर म्हणाले, "वहिनी, हे वाचून गिऱ्हाईक आत येणार नाही, वकील येईल." त्यांना 'भरपेट' हवंय. सासऱ्यांच्या मते 'भरपेट' हिंदी आहे, 'पोटभर' म्हणा. पाटी रंगवणारा शनिवारी येतोय. सुचवा.

जाडा कोश:
सासरे बरोबर आहेत. पोटभर, हातभर, वीतभर, गावभर. मराठीत 'भर' मागे लागतो. 'भरपेट'मध्ये तो पुढे गेला तिथेच हिंदीचा वास येतो.

शेपूची भाजी:
मग 'भरपूर' काय, 'भरगच्च', 'भरधाव' काय? सगळे हिंदीचे का? आमच्या मेसच्या फळ्यावर 'भरपेट जेवण' लिहिलेलं असायचं. मालक अस्सल साताऱ्याचे, हिंदी बोलायची वेळ आली तर मुलाला हाक मारायचे.

जाडा कोश:
'भरधाव'मध्ये 'भर' हे 'धाव'चं विशेषण आहे, 'भरदुपार'सारखं. 'भरपेट' म्हणजे भर दुपारी तसं भर पेटी? आणि 'पेट' हा शब्द मराठीत पोटाला वापरतच नाहीत. पेटतं ते वेगळं.

रंकाळाकाठ:
मूळ प्रश्नाबद्दल: 'मर्यादित थाळी' अजिबात लिहू नका. आमच्याकडे 'मर्यादित' शब्द फक्त साखर कारखान्याच्या, दूध संघाच्या आणि पतसंस्थेच्या नावामागे येतो. थाळी मर्यादित म्हटली की मला सभासदांची वार्षिक सभा दिसते. जेवणाआधी लाभांश जाहीर करा.

नारळीपाक:
हेच दीर म्हणत होते, पण इतकं नीट सांगता आलं नव्हतं त्यांना. मग 'लिमिटेड'ला काय? 'साधी थाळी' लिहिलं तर लोकांना वाटतं पदार्थ साधे.

सयाजीबाग:
बडोद्याहून लिहितोय. आमच्या घरी चार पिढ्या मराठी, पण जेवणाच्या बाहेरच्या शब्दांत गुजराती मिसळलेलं. ताई, 'अनलिमिटेड'पेक्षा मोठा घोळ तुमच्या कार्डावर 'फरसाण' या शब्दाने होणार आहे, तो आधी निस्तरा. गुजराती थाळीत फरसाण म्हणजे ढोकळा, खांडवी, पात्रा, कचोरी, यांतलं रोज काहीतरी एक-दोन, गरम किंवा ताजं, जेवणासोबत. मराठी माणूस फरसाण म्हणतो ते शेव, गाठी, पापडी, शेंगदाणे एकत्र केलेलं पुडीतलं. सोलापूरचे पाहुणे आम्ही इथल्या डायनिंग हॉलमध्ये नेले होते. वाढप्याने विचारलं, "फरसाण?" काका म्हणाले, "नको, दातांना त्रास होतो." बाकीच्यांच्या पानात खांडवी पडली आणि काका बघत राहिले.

शेपूची भाजी:
खांडवीला दात लागत नाहीत हे काकांना कोणीच सांगितलं नाही?

सयाजीबाग:
सांगेपर्यंत वाढपी तीन टेबलं पुढे गेला होता. त्या हॉटेलांत सगळे एका चालीने फिरतात, एकदा हुकलं की पुढच्या फेरीची वाट बघायची. मराठी कार्डावर फरसाण न लिहिता पदार्थाचंच नाव लिहावं. 'कठोळ'चंही तसंच, तिथे 'उसळ' लिहा. 'संभारो'ला मात्र माझ्याकडे शब्द नाही. कोबी-गाजर-मिरची मोहरीच्या फोडणीत नुसतं परतून कच्चट ठेवायचं. कोशिंबीर म्हणावी तर परतलंय, भाजी म्हणावी तर डाव्या बाजूला वाढतात.

जाडा कोश:
डाव्या बाजूला वाढतात तर ती कोशिंबीरच. आपल्याकडे पदार्थ पानात कुठे पडतो यावरून त्याची जात ठरते. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे.

पेडण्याहून:
गोव्यात प्रश्न उलटा येतो. इथे 'थाळी' म्हटलं की न सांगता माशांची. भाजीपाल्याची हवी असेल तर 'शिवराक थाळी' म्हणावं लागतं. माझे आजोबा म्हणायचे, शिवराक हे जैन 'श्रावक'वरून आलं. मला पटतं.

जाडा कोश:
आजोबांची व्युत्पत्ती गोड आहे, पण श्रावकचा 'शिवराक' होताना तो 'व' पुढे का सरकला ते सांगा. आजोबा लोकांच्या व्युत्पत्ती नेहमी जेवण झाल्यावर सुचतात.

पेडण्याहून:
वाराणसीचं बनारस होतं तेव्हा अक्षरं सरकतात ते चालतं. आजोबांचं सरकलं की लगेच पुरावा. शोभतं का?

वऱ्हाडी पाटवडी:
मंडळी, 'थाळी' शब्दावर कोणी काहीच बोलत नाहीये. घरात आपण 'ताट' म्हणतो. "ताट वाढलं", "ताटावरून उठू नको", "ताटाखालचं मांजर". थाळी विकत घ्यावी लागते, ताट घरचं असतं. मग पाटीवर 'पोटभर ताट' का नको? दोन्ही शब्द आपले.

शेपूची भाजी:
'पोटभर ताट' वाचून कोणीतरी भांड्यांचं दुकान समजेल.

जाडा कोश:
आणि थाळी बाहेरची कशी? संस्कृत स्थाली. फक्त स्थाली म्हणजे ताट नव्हे, शिजवायचं भांडं. स्थालीपुलाकन्याय ऐकला असेल: भांड्यातलं एक शीत चेपून पाहिलं की सगळा भात शिजला का ते कळतं. भांड्याचा शब्द कधीतरी ताटावर आला. आता तोच शब्द जेवणावर आलाय, "दोन थाळ्या दे" म्हणताना कोणी स्टीलचा विचार करत नाही. शब्द असेच चालत राहतात, त्यामुळे 'अनलिमिटेड' मराठीत आला तर मला काही वाटत नाही.

वऱ्हाडी पाटवडी:
वा! 'भरपेट' हिंदी म्हणून नको आणि 'अनलिमिटेड' इंग्रजी असून चालतो. शेजाऱ्याचं वाईट, साहेबाचं गोड.

जाडा कोश:
फरक आहे. 'अनलिमिटेड' वाढपी रोज बोलतो: "घ्या की साहेब, अनलिमिटेडच आहे." 'भरपेट' फक्त पाटीवर दिसतो, तोंडात येत नाही.

रंकाळाकाठ:
तोंडात काय येतं ते गावागणिक वेगळं. आमच्या कोल्हापुरात 'बोर्डिंग' म्हणजे विद्यार्थ्यांचं वसतिगृह. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातीजातींची बोर्डिंगं निघाली, ती आजही त्याच नावाने ओळखली जातात. मी पुण्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा मित्र म्हणाला, टिळक रोडला बादशाही बोर्डिंगला जाऊ. मी अंथरूण-पांघरूण बरोबर घेऊ का विचारलं. तिथे बघतो तर फक्त जेवण.

सयाजीबाग:
मुंबईतही तेच. माटुंग्याला रामा नायकांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे, राहायला खोली मागून बघा. आणि काळबादेवीला जोशी क्लब. क्लब म्हणजे पत्ते नाहीत, गुजराती थाळी.

शेपूची भाजी:
एवढी बोर्डिंगं आणि क्लब शोधण्यापेक्षा सरळ 'खानावळ' म्हणायला काय जातं? पाहुण्यांना ओळीत बसवून खाना. खाना + आवली.

जाडा कोश:
हे प्रत्येक वेळी येतं. खाना नाही आणि आवली नाही. शब्द 'खाणावळ' आहे, ण. दळणावळ म्हणजे दळण्याची मजुरी, घडणावळ म्हणजे दागिना घडवण्याची. तसं खाणावळ म्हणजे मुळात खाण्याचे पैसे. पैशावरून जागेचं नाव पडलं. माझ्या काकांच्या तोंडी "या महिन्याची खाणावळ थकली" असं वाक्य होतं. जागा थकत नाही.

शेपूची भाजी:
पाट्यांवर सगळीकडे 'खानावळ'च असतं. अख्ख्या महाराष्ट्राचा 'न' चुकला आणि तुमचे काका बरोबर?

जाडा कोश:
हो.

नारळीपाक:
सगळ्यांचे आभार, पण शनिवार उद्यावर आलाय. सध्या 'हवं तितकं वाढू' आणि 'एकदाच वाढू' असं डोक्यात आहे. दुसरं जरा उद्धट वाटतं का?

वऱ्हाडी पाटवडी:
'एकदाच वाढू' वाचून मला लहानपणीची आई आठवली, पण प्रेमाने नाही. पदार्थ मोजूनच लिहा की. शिवभोजन थाळीचं बघा: २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, दहा रुपयांत दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात. सरकारने कुठेही 'मर्यादित' म्हटलं नाही, आकडे लिहून मोकळे झाले.

पेडण्याहून:
सरकारी यादीत 'मूद'! मापाचा शब्द म्हणून! हे मला फार आवडलं. मूद 'मुद्रा'वरून आली असणार. वाटीचा ठसा भातावर उठतो.

जाडा कोश:
ठसा भातावर उठत नाही, भातच ठसा असतो. पण या वेळी आजोबांना संशयाचा फायदा देतो.

सयाजीबाग:
सरकारची मूद दीडशे ग्रॅमची होती. आमच्याकडची वाटी बघता तेवढ्यात दोन मुदी पडतील. मुदीवर वरण ओगराळ्यानेच घालायचं, चमच्याने घातलं की खचते.

शेपूची भाजी:
ओगराळं म्हणजे डावच ना?

जाडा कोश:
नाही. डाव उथळ, ओगराळं खोल आणि उभ्या दांड्याचं. जुन्या मराठीत वोगरणे म्हणजे वाढणे, त्यावरून ओगराळं.

पेडण्याहून:
आमच्याकडे दवलो. करवंटीचा.

रंकाळाकाठ:
थाळीवाल्या हॉटेलात वाढपी हातात कडीला जोडलेले चार डबे घेऊन फिरतो, त्याला चौफुला म्हणतात ना?

वऱ्हाडी पाटवडी:
चौफुला पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे. तिथे लोक लावणी बघायला जातात.

रंकाळाकाठ:
गावाचं नाव मलाही माहीत आहे. मी भांड्याचं विचारतोय.

जाडा कोश:
चौफुला झाकणाचा असतो, हळदकुंकवाचा किंवा मसाल्याचा. कडीला जोडलेले उघडे डबे म्हणजे चौफुला नव्हे.

सयाजीबाग:
आमच्याकडे त्यालाच चौफुला म्हणतात आणि झाकण नसतं. झाकण लावून वाढायचं कसं, ते एकदा करून दाखवा.