आमसूल दिवसभर घरी एकटा असतो, काय करू?

खिडकीतली_सीट:

नमस्कार मंडळी. या विषयावर धागा आधी येऊन गेला असेल तर लिंक द्या. मी शोधलं, पण जे सापडलं ते सगळं ‘पोपटाला बोलायला कसं शिकवावं’ छापाचं. आमचा प्रश्न उलटा आहे. गप्प कसं बसवावं?

आमच्याकडे ग्रीन चीक कन्युर (छोटा परदेशी पोपट) आहे, वय अडीच वर्षं. अंगाने हिरवा, छाती करडी आणि शेपटी थेट भिजवलेल्या आमसुलासारखी, म्हणून नाव आमसूल. (नर की मादी माहीत नाही, डीएनए चाचणी केलेली नाही, आम्ही ‘तो’ म्हणतो.) सरकारच्या परिवेश पोर्टलवर परदेशी पक्षी म्हणून रीतसर नोंद आहे, त्यामुळे त्यावरून कृपया कुणी अंगावर येऊ नका.

मी आणि नवरा सकाळी ७:५० ला घर सोडतो. मी फोर्टला, तो ऐरोलीला. डोंबिवलीत परत यायला साडेसात, गाडी रखडली तर आठ. इतके दिवस सासूबाई घरी होत्या. त्या काही पक्षीप्रेमी वगैरे नव्हेत, त्याला ‘ब्याद’ म्हणायच्या, पण दिवसभर त्याच्याशी भांडायच्या. भाजी निवडताना फरसबीचं टोक त्याला, देठ केराच्या टोपलीला, असा हिशोब होता. जूनमध्ये नणंदेच्या बाळंतपणासाठी त्या चिपळूणला गेल्या, आता दिवाळीशिवाय येत नाहीत. आणि आमसूल एकदम साडेअकरा तास एकटा.

पंधरा दिवसांत डाव्या पंखाखाली रुपयाएवढं टक्कल पडलं. डॉक्टरांकडे नेलं. किडे नाहीत, रक्त ठीक, ‘कंटाळलाय’ म्हणाले. शेजारच्या काकूंनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘कुणाकडे लहान बाळ आलंय का, दुपारभर रडतं’ असं टाकलं. त्यांना आमसूल चांगला माहीत आहे.

आतापर्यंत केलेले उपाय: पिंजऱ्यात आरसा लावला. टीव्हीवर कार्टून चालू ठेवलं. वाटी सूर्यफुलाच्या बियांनी काठोकाठ भरून जाते. निघताना दहा मिनिटं त्याची समजूत काढते, त्यात माझी ७:५९ ची लोकल दोनदा चुकली. सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून दिला तर तो फोनला चावला. नवऱ्याचं म्हणणं, दुसरा पक्षी आणू या. मला धीर होत नाही. अनुभवी लोकांनी सांगा.

करवंटी:

ताई, आधी एक बरं केलंत, डॉक्टरांना दाखवलंत. पिसं उपटणारा पक्षी कंटाळलाय असं आपणच ठरवून टाकतो आणि निघतं भलतंच.

आता माझं. सांगलीत असतो. मी मिरजेला नोकरीला, बायको कवठेमहांकाळला. घरी कॉकाटील (तुरेवाला छोटा पोपट), नाव बंड्या, वय नऊ. तुम्ही लिहिलेले सगळे उपाय मी करून बसलोय, आरशासकट. त्यामुळे उपदेश म्हणून घेऊ नका, फसलेल्या माणसाचा जबाब समजा.

आरसा आज रात्रीच काढा. बंड्या आरशातल्या पक्ष्याला पोटातले दाणे काढून भरवायला लागला होता. आम्हाला कौतुक वाटलं, फोटो काढले. पुढे आरशाजवळ हात नेला की रक्त काढायचा.

मग मी एक केलं, ते तुम्हीही करा. जुना मोबाइल पुस्तकांच्या कपाटात ठेवून दिवसभराचं रेकॉर्डिंग केलं. मला वाटत होतं तो आमच्या आठवणीने दिवसभर टाहो फोडत असेल. प्रत्यक्षात आम्ही गेल्यावर वीसेक मिनिटं ओरडला, मग वाटीपाशी आला, बारा मिनिटांत पोटभर दाणे सोलून मोकळा. नंतर दुपारी साडेतीनपर्यंत नुसता बसून. मधे डुलकी, मधे नख चावणं, मग एक पीस धरून ओढ, परत ओढ. टीव्हीकडे एकदाही बघितलं नाही. कार्टून माझ्याच विजेवर चाललं होतं.

रानातल्या पोपटाचा निम्मा दिवस पोटामागे जातो. या झाडावर जा, शेंग फोड, आतलं कच्चं निघालं तर टाक, दुसरी धर. आपण काय करतो, त्याचा दिवसभराचा उद्योग वाटीत सोलून ठेवतो आणि वर म्हणतो, कंटाळलाय. तुमच्या सासूबाई त्याला फरसबीचं टोक देत होत्या आणि वाद घालत होत्या ना, तो पक्ष्याचा रोजगार होता. तो गेला.

म्हणून भरलेली वाटी बंद. सकाळी तुम्ही चहा पिताना त्याला ओलं खाणं द्या: मोड आलेले मूग-मटकी, किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, एखादी हिरवी मिरची. (तिखट पक्ष्यांना लागत नाही, बंड्या लवंगी मिरची बडीशेपेसारखी खातो.) निघताना उरलेलं ओलं उचला, आपल्याकडच्या हवेत दुपारपर्यंत आंबतं. दिवसभरासाठी फक्त कोरडं, आणि ते लपवून.

लपवायचं कसं? लहानपणी वाणी कागदाची शंकूसारखी पुडी बांधून द्यायचा, आठवतं? तशीच. छापील पेपर नको, साधा खाकी कागद घ्या. आत दहा-बारा दाणे, वरचं तोंड दुमडायचं. स्टेपलर, टेप, दोरा काही नाही. दोऱ्यात पाय अडकतो आणि गिळला तर आतड्यात गुंता होतो. अशा सहा-सात पुड्या पिंजऱ्यात वेगवेगळ्या उंचीवर गजांत खोचायच्या. करवंटीला भोक पाडून ती टांगायची, आत मक्याच्या कणसाची सुकी सालं कोंबायची, सालांत दाणे. पळसाचे द्रोण मिळतात ना, एकात एक दोन बसवून मधे खाऊ, फक्त टोचलेल्या काड्या आधी काढून टाका. आणि पेरूची सालीसकट फांदी, धुऊन, बसायला. आठवड्यात सोलून पांढरी करतो, मग दुसरी.

मात्र पहिल्याच दिवशी सात पुड्या लावून निघून जाऊ नका! मी तेच केलं. संध्याकाळी पुड्या जशाच्या तशा आणि बंड्या उपाशी. त्याला काय ठाऊक कागदात जेवण आहे. आधी रविवारी त्याच्यासमोर उघड्या कागदावर दाणे ठेवा. मग कागद अर्धा मिटा. मग त्याच्या देखत पुडी करा. माझ्या बंड्याला पाच दिवस लागले. कन्युर जास्त उचापत्या, तुमचा लवकर शिकेल. तोवर थोडं वाटीतही असू द्या आणि किचनच्या काट्यावर रोज वजन करा.

सूर्यफूल मूठभर नको, बक्षीस म्हणून मोजून पाच-सहा. नुसत्या बियांवर चरबी वाढते आणि अ जीवनसत्त्व मिळत नाही. पेलेट्सवर (पक्ष्यांचं तयार गोळी-खाद्य) हळूहळू आणा.

निघतानाची समजूत बंद करा, हे जरा कठोर वाटेल. दहा मिनिटं लाडाची आणि मग धाडकन दार, यातला फरकच त्याला खुपतो. आम्ही पुड्या लावतो, ‘येतो रे’ म्हणतो आणि जातो. तो पाठ करून पुडी फाडत असतो. बायकोला पहिले दोन दिवस वाईट वाटलं.

शेवटचं, झोप. तुमच्याकडे दिवे किती वाजता बंद होतात? पक्ष्याला दहा-बारा तास अंधार आणि शांतता लागते. रात्री साडेअकरापर्यंत टीव्ही आणि सकाळी सहाला मिक्सर असेल तर चिडचिड होणारच, माझीही होते.

दुसऱ्या पक्ष्याबद्दल: दोन पक्षी म्हणजे दोन पिंजरे, नवा किमान महिनाभर वेगळ्या खोलीत, आणि त्यांचं पटलं नाही तर दोन कंटाळलेले पक्षी. पटलं तर तुम्ही परके. घाई नको.

दक्षिणायन:

करवंटी, पुडी भारी! एक भर घालते. मी ब्रिस्बेनला असते, इथे रेनबो लॉरिकीट जातीचे पोपट रस्त्यावरच्या झाडांवर हजारोंनी असतात. दुपारी एकही आवाज नाही. सूर्य कलला की आमच्या सुपरमार्केटच्या पार्किंगमधल्या झाडांवर असा कल्लोळ, की फोनवर आईला ‘थांब, गाडीत बसते’ म्हणावं लागतं. सकाळी परत तेच, थोडं कमी. आपल्याकडचे हिरवे पोपट वडा-पिंपळावर उतरतात तेव्हाही हाच प्रकार.

त्यामुळे आमसूल पहाटे आणि सांजेला ओरडणार, ते दुःख नाही, हजेरी आहे. ते बंद करायला जाऊ नका. तुम्ही घरात असताना तो दुसऱ्या खोलीतून हाक मारेल तेव्हा साधी शीळ देऊन उत्तर द्या, प्रत्येक वेळी तीच शीळ. किंचाळला की धावत जाऊ नका, शीळ घातली की जा. माझ्या आधीच्या कॉकाटीलने हे दोन महिन्यांत उचललं. (अवांतर: बंड्याची जात मूळची आमच्या ऑस्ट्रेलियातली बरं का. बजरीगार सुद्धा, ज्यांना आपल्याकडे सगळे लव्ह बर्ड म्हणून विकतात.)

चिमण्यागणपती:

वरचं सगळं छान. जिवावर बेतणारं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. पक्षी मोकळा असताना छताचा पंखा बंद. रेग्युलेटर एकवर नव्हे, बंद. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत जातो, माणसाला वासही येत नाही. डासांची लिक्विड मशीन, कॉइल, धूप, डांबरगोळ्या त्या खोलीत नकोत. ॲव्होकॅडो, चॉकलेट, चहा-कॉफी नाही. गंज चढलेला स्वस्त गॅल्व्हनाइज्ड पिंजरा असेल तर बदला, जस्त चाटून विषबाधा होते. आणि पिंजरा खिडकीच्या ग्रिलला लावू नका. मांजर वाट बघायला तयार असते. आमच्याकडे बघत होती, पुढचं लिहीत नाही.

नवा_सभासद_सोलापूर:

छान माहिती. आमच्याकडे मिठू आहे, गळ्यात लाल पट्टी असलेला, बारा वर्षांपासून. तोही दुपारी एकटा असतो. त्याला पुड्या चालतील का?

चिमण्यागणपती:

पुड्या चालतील, मिठू चालणार नाही. देशी पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. घरोघरी दिसतो म्हणून कायदेशीर होत नाही. बारा वर्षं पिंजऱ्यात असलेला पक्षी उगाच सोडूनही देऊ नका, दोन दिवसांत कावळे संपवतील. वनविभागाच्या १९२६ वर फोन करून विचारा. ताईंच्या कन्युरसारख्या परदेशी पक्ष्यांची नोंद लागते, ते वेगळं प्रकरण. बाकी नवीन धागा काढा.

खिडकीतली_सीट:

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

रेकॉर्डिंग केलं. करवंटी, तुमच्यासारखंच. फक्त आमच्याकडे दुपारी २:१० ला काकूंचा कुकर वाजतो आणि त्यांच्या प्रत्येक शिट्टीला आमसूल उत्तर देतो. चार शिट्ट्या, चार उत्तरं, मग पाचवीची वाट बघत वेगळाच आवाज काढतो. तेच काकूंचं ‘बाळ’. व्हिडिओ काकूंना नेऊन दाखवला. त्या आधी हसल्या, मग म्हणाल्या डाळ आदल्या रात्री भिजवून बघते, शिट्ट्या कमी लागतील.

आरसा काढला, दोन दिवस फुगून बसला होता. पुडी तिसऱ्या दिवशी कळली. पहिली पुडी एका पायात पकडून, उलटा लटकून, टोकापासून सोलत आला, आणि दाणा सापडल्यावर तो न खाता परत कागदात डोकं घालून बघत होता, आणखी आहे का. आता नवरा रात्री जेवण झाल्यावर बातम्या बघत पंधरा पुड्या वळतो. माझ्या सुबक होतात म्हणून मला करू देत नाही, म्हणतो इतकी घट्ट दुमडू नकोस, त्याला फाडता यायला हवी.

झोपेचं मात्र अवघड झालं. त्याला आठला निजवलं तर आमची भेटच होत नाही. शेवटी पिंजरा सासूबाईंच्या खोलीत हलवला, साडेनऊला दिवा बंद, सकाळी साडेसातला पडदा वर. पंधरा-वीस मिनिटांत ओलं खाणं उरकतो आणि आम्ही सुटतो. संध्याकाळी सव्वासहाची हजेरी चालू आहे, ती चालूच राहील असं दिसतंय.

टक्कल तेवढंच आहे, पण वाढलेलं नाही, आणि कडेला पांढऱ्या वेष्टनातल्या दोन-तीन बारीक काड्या दिसतात. नवी पिसं ना ही? डॉक्टरांकडे शनिवारी जायचं आहे, तोवर कुणी सांगेल का?

चिपळूणहून रोज विचारणा होते, ब्याद जेवली का म्हणून.

करवंटी:

हो, पिसंच. काट्यासारखी दिसतात. हात लावू नका, दुखतात त्याला. आणि त्या काड्यांत रक्त असतं, तुटली तर ते सहज थांबत नाही, तेव्हा शनिवारी नेताना टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळू नका.

पंधरा पुड्या? आम्ही सातातच भागवतो. बंड्याला सांगणार नाही.