गाडी रेडीला येत नाही, चार्जही घेत नाही, अ‍ॅपवर मात्र ६० टक्के दाखवतंय

गन_लावून_बसलोय
मंडळी जरा मदत करा. इलेक्ट्रिक गाडी बरेच दिवस जागेवरच उभी होती, चार्जिंगची गन (चार्जरच्या केबलचं गाडीत बसणारं टोक) लावूनच ठेवली होती म्हणजे चार्ज राहील असं वाटलं. आज बाहेर काढायला गेलो तर दरवाजा कसाबसा उघडला, आतला लाइट एकदम मंद, ब्रेक दाबून स्टार्टचं बटण दाबलं की स्क्रीन येते, मग ब्रेक स्टिअरिंग एअरबॅग ट्रॅक्शन सगळ्यांच्या वॉर्निंग एकदम लागतात, खालून कुठूनतरी टक टक आवाज येतो आणि स्क्रीन परत काळी. रेडी (गाडी चालायला तयार असल्याची स्क्रीनवरची खूण) काही येत नाही. गन काढून परत लावली तर चार्जरच्या डब्यावर लाल दिवा. अ‍ॅपवर शेवटचं रीडिंग ६० टक्के आहे मग हे काय? मेन बॅटरी गेली का? इतक्या वॉर्निंग बघून पोटात गोळा आलाय राव.

ओहमचा_नियम
मेन बॅटरीचा विचार आत्ता डोक्यातून काढा. ही लक्षणं लहान १२ व्होल्ट बॅटरीची आहेत. लोकांना वाटतं इलेक्ट्रिक गाडीत एकच मोठी बॅटरी असते, पण स्क्रीन, लॉक, सगळे कंट्रोलर, बीएमएस (मोठ्या बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) हे सगळं त्या लहान बॅटरीवर चालतं. मोठी बॅटरी गाडी बंद असताना बाकी गाडीपासून तोडलेली असते, मध्ये कॉन्टॅक्टर म्हणजे मोठे रिले असतात आणि ते ओढायला १२ व्होल्ट लागतात. लहान बॅटरीत दम नसेल तर कॉन्टॅक्टर लागत नाहीत, मग मोठीत ६० टक्के असो नाहीतर १०० टक्के, ती वीज बाहेर येणारच नाही. आणि चार्जिंगलाही तेच कॉन्टॅक्टर लागतात त्यामुळे चार्जही घेत नाही. तो टक टक आवाज बहुतेक रिले ओढायचा प्रयत्न करून सुटतायत त्याचा आहे.

व्होल्टेज पडलं की एकेक कंट्रोलर गप्प होतो आणि बाकीचे ओरडायला लागतात की हा बोलत नाही तो बोलत नाही, म्हणून सगळ्या वॉर्निंग एकत्र. एवढ्या गोष्टी एकाच वेळी खरंच बिघडत नसतात. मल्टिमीटर असेल तर लहान बॅटरीवर लावा आणि सांगा.

शांत_मोटार
लगेच १२ व्होल्टवर ढकलू नका सगळं. स्क्रीन येतेय म्हणजे बॅटरीत काहीतरी आहे ना. इन्सुलेशन फॉल्ट म्हणजे मोठ्या बॅटरीची वीज बॉडीकडे गळत असली तरी गाडी रेडीला येत नाही आणि चार्जही घेत नाही. कोड रीडर लावून पी०एए६ येतोय का बघा, तो हाय व्होल्टेजच्या आयसोलेशनचा म्हणजे याच इन्सुलेशनचा कोड आहे. तो असेल तर घरी काही करू नका.

ओहमचा_नियम
@शांत_मोटार बरोबर आहे, तो कोड खरा आला तर हात लावायचा नाही. पण लाइट मंद होणं हे आयसोलेशन फॉल्टचं लक्षण नाही. शिवाय कमी व्होल्टेजवर काढलेले कोड निम्मे खोटे असतात, आधी लहान बॅटरी धड करा, कोड पुसा, मग जे परत येतील ते खरे.

गन_लावून_बसलोय
मीटर लावला. गाडी बंद असताना १२.१. हे ठीक आहे ना? १२ च्या वर आहे म्हणजे बॅटरी चांगली?

पाना_पक्कड
नाही भाऊ, १२ व्होल्टची बॅटरी नावाला १२. साधी लेड अ‍ॅसिड असेल तर फुल चार्ज होऊन शांत बसल्यावर १२.६ च्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ च्या खाली गेली की संपलीच समजा. (काही नव्या गाड्यांत लहान बॅटरीपण लिथियमची येते, तिथे हे आकडे लागू नाहीत, आधी वरचं लेबल वाचा.) आणि नुसतं बंद गाडीवर मोजून कळत नाही. मीटर लावलेलाच ठेवा आणि दुसऱ्या कुणालातरी स्टार्टचं बटण दाबायला सांगा, आकडा किती पडतो ते बघा.

गन_लावून_बसलोय
बटण दाबलं की ९.३ पर्यंत पडतं आणि स्क्रीन जाते, मग हळूहळू परत ११.९ ला येतं.

पाना_पक्कड
झालं मग, सापडलं. जम्प द्या, म्हणजे बाहेरच्या बॅटरीवरून केबलने तात्पुरते १२ व्होल्ट द्या. जम्प पॅक असेल तर उत्तम, नाहीतर दुसऱ्या गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवरून, त्या गाडीचं इंजिन बंद ठेवूनच. इथे स्टार्टर मोटर फिरवायची नाहीये, फक्त कंट्रोलर जागे करून कॉन्टॅक्टर ओढायचेत, त्याला फार करंट लागत नाही. प्लस प्लसला, मायनस बॅटरीपासून लांब बॉडीच्या उघड्या धातूला. उलटं लावलं तर फ्यूज उडाला तर नशीब, नाहीतर महागाचं काहीतरी उडतं, त्यामुळे दोनदा बघा. नारिंगी रंगाच्या केबलला आणि त्यांच्या कनेक्टरला काहीही झालं तरी हात नाही. आणि तुमच्या गाडीवरून दुसऱ्याला जम्प देणं बहुतेक कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये मनाई आहे, तेही लक्षात ठेवा.

एकदा रेडी आली की जम्प काढा आणि लहान बॅटरीवर परत मीटर लावा. १३.५ ते १४.५ च्या मध्ये काहीतरी दिसलं पाहिजे. हे सगळ्यात महत्त्वाचं. इलेक्ट्रिक गाडीत अल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून लहान बॅटरी भरायचं काम डीसी-डीसी कन्व्हर्टर करतो. रेडी असूनही १२ च्या घरातच राहून खाली घसरत असेल तर कन्व्हर्टर गेलाय आणि नवीन बॅटरी टाकली तरी तीही झोपणार. ह्युंदाई आणि कियाने २०२४ मध्ये आयोनिक ५, ईव्ही६ वगैरे गाड्या परत बोलावल्या होत्या त्या याच कारणाने, त्यांच्या आयसीसीयू नावाच्या युनिटमध्ये हे काम होतं आणि ते बिघडलं की लहान बॅटरी चार्ज होणं थांबायचं.

चिमटा
मधेच विचारतो, लहान बॅटरी पूर्णच मेली आणि दरवाजेच उघडले नाहीत तर?

पाना_पक्कड
रिमोटच्या आत साधी किल्ली असते, ती ओढून काढायची, ड्रायव्हरच्या दरवाज्याच्या हँडलजवळ कुठेतरी टोपणाखाली भोक असतं. बॉनेट बहुतेक गाड्यांत केबलवर उघडतं. इलेक्ट्रिक लॅच असेल तर बाहेरून १२ व्होल्ट द्यायचे पॉइंट कंपनीने कुठेतरी दिलेले असतात, मॅन्युअलचं ते पान आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, कारण मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात आणि कप्पा बंद गाडीत.

गन_लावून_बसलोय
जम्प दिला, रेडी आली!! सगळ्या वॉर्निंग गेल्या, मीटर १४.१ दाखवतोय. पण चार्जरचा लाल दिवा तसाच आहे. गाडी चालू झाली, चार्ज अजूनही नाही. आता हे काय नवीन?

ओहमचा_नियम
१४.१ म्हणजे कन्व्हर्टर ठणठणीत. आता चार्जरकडे या. गन गाडीतून काढून नुसती हातात धरा, प्लग सॉकेटमध्येच राहू द्या. दिवा काय म्हणतो?

गन_लावून_बसलोय
तरी लालच.

ओहमचा_नियम
मग गाडीचा संबंधच नाही. चार्जरचा डबा गाडीशी बोलायच्या आधी स्वतःची आणि सॉकेटची तपासणी करतो, अर्थिंग आहे का हे त्यातलं मुख्य. ते पास झालं तरच पुढची बोलणी. गनमध्ये पायलट नावाची एक बारीक पिन असते, त्यावर आधी १२ व्होल्ट असतात, गन गाडीत बसली की गाडी ते ९ वर आणते आणि मी तयार आहे म्हणताना ६ वर, तेव्हा कुठे डब्यातला रिले लागून खरी वीज सुटते. तुमचं प्रकरण त्याच्याही आधी अडलंय. दुसऱ्या सर्किटवरच्या सॉकेटवर किंवा बाहेरच्या चार्जरवर गाडी लावून बघा, तिथे घेतली तर नक्की झालं.

वायर_आणि_वैर
सॉकेट इलेक्ट्रिशियनकडून तपासा, स्वतः उघडू नका. त्याला सांगा फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही मोजायला, ते जवळजवळ सारखे आले पाहिजेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये फार तर थोडे व्होल्ट. साध्या सॉकेटवर तासनतास मोठा करंट ओढला की स्क्रू तापून ढिले होतात, प्लास्टिक पिवळं पडलंय का तेही बघायला सांगा. आणि एक हात जोडून विनंती, काही महाभाग सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून चार्जरला फसवतात आणि दिवा हिरवा झाला म्हणून व्हिडिओ टाकतात. न्यूट्रल मागे कुठे तुटला तर गाडीच्या अख्ख्या बॉडीत करंट येईल. असं करून देतो म्हणणारा इलेक्ट्रिशियन भेटला तर त्याला घराबाहेर काढा.

गन_लावून_बसलोय
बाहेरच्या चार्जरवर लगेच घेतलं. आणि आत्ताच इलेक्ट्रिशियन बघून गेला, सॉकेटच्या मागे अर्थची वायर स्क्रूमधून निसटून लोंबत होती. नीट बसवून, जाड वायरचं नवीन औद्योगिक सॉकेट टाकून दिलं, दिवा हिरवा. पण मग एकाच वेळी लहान बॅटरीपण कशी उतरली, हा योगायोग का?

ओहमचा_नियम
योगायोग वाटत नाही. गाडी बंद करून गेलं की सगळे कंट्रोलर झोपायला हवेत, पण बऱ्याच गाड्या गन लावलेली असली की पूर्ण झोपत नाहीत. त्यात अर्थची वायर ढिली म्हणजे चार्जर कधी ठीक कधी एरर, प्रत्येक वेळी गाडी जागी होणार. वर तुम्ही अ‍ॅप उघडून टक्के बघत असाल तर त्यानेही ती उठते. मोठीतून लहान भरून घ्यायची सोय बऱ्याच गाड्यांत असते पण ती कधी चालते हे प्रत्येक कंपनीचं वेगळं, त्यावर विसंबू नका. पुढच्या वेळी जास्त दिवस ठेवायची असेल तर ५०-६० टक्क्यांवर गन काढून ठेवा आणि लहान बॅटरीला मेंटेनर (बॅटरी हळूहळू भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावा.

चिमटा
माझी गाडी डीसी फास्ट चार्जरवर घेते पण घरच्या एसीवर नाही, घरचा चार्जर दुसऱ्या गाडीला चालतो. हे पण अर्थिंग?

शांत_मोटार
दुसऱ्या गाडीला चालतो म्हणजे सॉकेट, चार्जर सुटले. डीसीवर वीज थेट बॅटरीकडे जाते, एसीला गाडीतला ऑनबोर्ड चार्जर मध्ये लागतो, त्यामुळे संशय त्याच्यावर. पण सर्व्हिस सेंटरला जायच्या आधी सेटिंगमध्ये चार्जिंगचं शेड्यूल लागलंय का बघा, अपडेटनंतर कधीकधी आपोआप चालू झालेलं असतं, आणि गनचं लॉक पूर्ण बसल्याचा आवाज येतो का तेही. लॉकची पिन अडकली तरी गाडी एसी घेत नाही.

गन_लावून_बसलोय
लहान बॅटरी बदलूच का मग? की चार्ज करून वापरू?

पाना_पक्कड
बाहेर काढून चार्जरवर फुल करा, रात्रभर काही न जोडता ठेवा आणि सकाळी मोजा. १२.५ च्या वर टिकली आणि स्टार्टला १० च्या खाली गेली नाही तर वापरा. नाहीतर बदला, आणि आधी एजीएम (लेड अ‍ॅसिडचाच सीलबंद प्रकार) असेल तर एजीएमच टाका, साधी टाकू नका. काढताना गाडी पूर्ण बंद, थोडा वेळ थांबून आधी मायनस, लावताना मायनस शेवटी. बॅटरी सेन्सर मायनसच्या क्लॅम्पवर असेल तर तो ओढाताणीत तुटतो, तेवढं सांभाळा.