परकर साडीच्या आत केव्हा गेला?

प्रश्न
आजीच्या पिढीतील स्त्रिया नऊवारी लुगड्याच्या आत परकर घालत नसत, असे घरी नेहमी ऐकायला मिळते. उलट जुन्या छायाचित्रांत लहान मुली परकर-पोलक्यात दिसतात, म्हणजे तेथे तो वरचाच पोशाख आहे. मग तोच परकर साडीच्या आत कसा आणि का गेला? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
याचे उत्तर नेसण्याच्या पद्धतीत आहे. नऊ वारांचे, म्हणजे सुमारे सव्वाआठ मीटरचे लुगडे सकच्छ, म्हणजे काष्टा घालून, नेसतात. कमरेशी गाठ मारून, निऱ्या खोचून, काष्टा पायांमधून मागे नेऊन घट्ट खोचला की दोन्ही पायांभोवती कापड वेगवेगळे बसते आणि लुगडे स्वतःच्याच ओढीवर टिकते. अशा नेसणीत परकराला जागाच नाही, कारण त्याचा घेर काष्ट्याच्या आड येतो. पाचवारी गोल नेसायची म्हटली की मात्र निऱ्या खोचायला कमरेशी आधार लागतो आणि तलम कापडाखाली आडोसाही लागतो. नुसती गाठ मारूनही ती नेसता येते, पण भराभर जिना चढून पाहावा, म्हणजे नाड्याची किंमत कळते.

प्रतिसाद २
यात मुंबईचा एक धागा जोडतो. सत्येंद्रनाथ टागोर हे सनदी सेवेतील पहिले भारतीय अधिकारी मुंबई इलाख्यात होते. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी यांनी १८६० च्या दशकात पारशी स्त्रियांची साडी नेसण्याची रीत पाहिली, तिच्यात आपले बदल केले आणि परकर व झंपर यांच्यासह ती बंगालमध्ये रुजवली. आजची पाचवारी तेथूनच सर्वत्र पसरली, असे मानले जाते.

प्रतिसाद ३
हे बंगालपुरते ठीक आहे, परंतु महाराष्ट्राला ते जसेच्या तसे लावता येणार नाही. आपल्याकडे सकच्छ आणि विकच्छ (काष्ट्याविना, गोल) नेसण दीर्घकाळ शेजारी शेजारी नांदली; सासू लुगड्यात आणि सून गोल पातळात, असे एकाच घरातले दृश्य विसाव्या शतकात कितीतरी वर्षे दिसत होते. शिवाय आतल्या वस्त्राची कल्पना पारशांकडून वा इंग्रजांकडून आली, असेही समजू नये. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात ‘चंडातक’ हे स्त्रियांचे अर्ध्या मांडीपर्यंतचे वस्त्र नोंदवलेले आहे. त्यापासून आजच्या परकरापर्यंत सरळ रेघ ओढणे मात्र मला धाडसाचे वाटते.

प्रतिसाद ४
थोडे अवांतर, पण परकराशीच संबंधित. नेफ्यात (कमरेच्या शिवलेल्या दुमडीत) ओवलेला बारीक नाडा वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच रेषेत करकचून बांधला, तर तेथे काळा वळ उठतो, कातडी जाड होते, खाज सुटते आणि क्वचित त्या जागी कर्करोगही होतो. मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ मध्ये धोतराच्या संदर्भात असा कर्करोग नोंदवला होता. पुढे तोच प्रकार परकराच्या नाड्यामुळेही आढळला. म्हणून नाड्याऐवजी रुंद पट्टी शिवून घ्यावी, परकर रोज थोडा वरखाली बांधावा, आणि वळावर जखम होऊन ती भरत नसेल तर डॉक्टरांना दाखवावे.