मदत हवी आहे: आयसीयूतला अॅसिनेटोबॅक्टर कुठून येतोय?

नाशिकच्या एका खाजगी रुग्णालयात मी संसर्ग नियंत्रणाची नर्स आहे. आयसीयू दहा खाटांचा, स्वतंत्र खोली एकच. गेल्या पाच आठवड्यांत व्हेंटिलेटरवरच्या चार रुग्णांच्या थुंकीत अॅसिनेटोबॅक्टर बॉमनी हा जिवाणू सापडला. मेरोपेनेम हे प्रतिजैविक चारही जणांत निकामी, हाताशी उरलंय फक्त कोलिस्टिन हे दुसरं प्रतिजैविक आणि तेही मूत्रपिंडाला जड. चौघांपैकी दोघं आधी एकाच खाटेवर होते, ही गोष्ट मला फार सतावतेय.

केलेलं असं: प्रत्येक खाटेशी हँडरब, स्टेथोस्कोप आणि बीपीचा पट्टा रुग्णागणिक वेगळा, बाधित रुग्णांना वेगळी नर्स, खाटांच्या कठड्यांना दिवसातून तीनदा हायपोक्लोराइट (जंतुनाशक). हा जिवाणू कोरड्या पृष्ठभागावर आठवडेच्या आठवडे तग धरतो, म्हणून कठडे, मॉनिटर आणि सक्शनचे स्वॅब (बोळ्याने पुसून घेतलेले नमुने) घेतले. सगळे निगेटिव्ह. ते कोरड्या स्वॅबने आणि पुसून झाल्यावर घेतले होते, हे नंतर कळलं, म्हणून त्या निकालांवर माझा भरवसा नाही.

आयसीयू पूर्ण बंद करणं शक्य नाही, रोज नवे रुग्ण येतात. औषध कोणतं द्यायचं ते डॉक्टर बघताहेत, माझा प्रश्न तो नाही.

ज्यांनी असा उद्रेक आटोक्यात आणलाय त्यांनी सांगावं: ओल्या स्वॅबने आता आधी कुठे शोधू, बेसिनचा निचरा, गादीच्या शिवणी, व्हेंटिलेटरचं ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारा भाग) की पोर्टेबल एक्स-रे मशीन? आणि चारही नमुने एकाच वाणाचे आहेत का, ही जनुकीय तपासणी नाशिक-पुण्यात कुठे होते?