मदत हवी आहे: युरोपियन अरेस्ट वॉरंट आणि मूलभूत हक्क, दुसऱ्या पायरीवर अडकलेय

नमस्कार मंडळी, इथे कोणी युरोपातला कायदा शिकलेलं असेल किंवा तिकडे वकिली करत असेल तर प्लीज मदत करा. मी जर्मनीत एलएलएम करतेय, गुरुवारी सेमिनारमध्ये बोलायचंय आणि आठवडाभर एकाच जागी अडकून पडलेय.

युरोपियन अरेस्ट वॉरंट युरोपियन युनियनच्या २००२ च्या फ्रेमवर्क डिसिजनमधून (सदस्य देशांना बांधील असलेला ठराव) आलं, म्हणजे एका देशाच्या कोर्टानं मागितलं की दुसऱ्या देशाच्या कोर्टानं माणूस ताब्यात द्यायचा, मधे मंत्रालय वगैरे काही नाही, सगळा कारभार एकमेकांवरच्या विश्वासावर. इथपर्यंत ठीक.

मग २०१६ चा आरान्योशी-कल्दरारू निकाल. हंगेरी आणि रोमानियाच्या तुरुंगांची अवस्था अशी असताना माणूस पाठवायचा का, असं ब्रेमेनच्या कोर्टानं विचारलं, तेव्हा लक्झेंबर्गनं (म्हणजे तिथल्या युरोपियन युनियनच्या न्यायालयानं) दोन पायऱ्या घालून दिल्या: आधी तिथल्या तुरुंगांत मुळातच दोष आहे का ते बघा, मग ह्याच माणसाला खरा धोका आहे का ते बघा. हे पटतं, कारण कोठडी मोजता येते. २०१९ च्या दोरोबांतू निकालात तर हिशोबच दिलाय, सामायिक कोठडीत माणशी ३ चौरस मीटरपेक्षा कमी जागा असली की हक्कभंग झाला असंच आधी धरायचं, त्यात संडासाची जागा धरायची नाही पण पलंग-कपाटाची धरायची. काल मी खोलीत टेप लावून जमिनीवर तेवढा चौकोन आखला, माझ्या एकट्या पलंगानंच त्यातले जवळजवळ दोन चौरस मीटर खाल्ले. बराच वेळ तिथेच बसून राहिले.

आता माझी अडचण. २०१८ च्या एलएम निकालात (आयर्लंडकडून गेलेली केस, वॉरंट पोलंडचं) हाच साचा न्यायालयाच्या स्वातंत्र्याला लावलाय. पण न्यायाधीशांवरच सरकारचा दबाव असेल तर 'माझ्याच केसमध्ये निकाल फिरणार' हे आरोपीनं आधीच कसं दाखवायचं? कोठडीसारखं टेप लावून मोजणार काय? अ‍ॅमस्टरडॅमच्या कोर्टानं २०२० मध्ये जवळपास हेच विचारलं, तरी दुसरी पायरी गाळता येणार नाही असंच उत्तर आलं, माणसं पाठवणं सरसकट थांबवायचं तर आधी युरोपियन कौन्सिलनं (सदस्य देशांच्या प्रमुखांची परिषद) युनियनच्या करारातल्या कलम ७ खाली तसा निर्णय घ्यायला हवा म्हणे, आणि तो एकमतानं! मला हे आरोपीवर अन्यायाचं वाटतं.

तर ह्या दुसऱ्या पायरीवर वकील प्रत्यक्षात काय पुरावा देतात? राजकीय स्वरूपाचा गुन्हा नसेल, साधी ड्रग्जची केस असेल, तर काही मांडता येतं का? एखादा निकाल माहीत असेल तर नुसतं वर्ष आणि देश सांगितलात तरी मी शोधून वाचेन.