गाडीतली टिंगटिंग थांबता थांबत नाही... तुमचे अनुभव लिहा

पाचवा गिअर:
आज सिग्नलला शेजारच्या गाडीतून सारखं टिंग टिंग ऐकू येत होतं. चालवणाऱ्या बाई पट्टा ओढून बघत होत्या, दार ओढून बघत होत्या. फार वाईट वाटलं, कारण आमची जुनी गाडी आठवली. चारही दारं लागलेली, तरी खड्डा आला की 'दार उघडं' म्हणून वाजायला लागायची. बाबा रेडिओ मोठा करायचे. शेवटी एका मेकॅनिकनं आतला दिवा 'डोअर'वर ठेवला, दारं लावली आणि एकेक दार बाहेरून तळहातानं दाबत गेला. मागचं डावं दाबलं की दिवा विझायचा, हात काढला की परत लागायचा. लॅचमधल्या स्विचवर जुनं ग्रीस घट्ट होऊन बसलं होतं. काँटॅक्ट क्लीनर मारून साफ केलं, आवाज बंद. अजूनही त्या माणसाच्या शांतपणाचं कौतुक वाटतं.
तुमच्याकडे काय वाजत होतं आणि कशानं थांबलं?

मोगरा:
शेजारची सीट रिकामी आणि तरी पट्टा लावा म्हणून ठणाणा. जाड कव्हर घातल्यापासून सुरू झालं होतं. सीटमध्ये वजन ओळखणारा सेन्सर असतो, कव्हर इतकं ताणून बसवलेलं की तो कायम दबलेला. दोऱ्या सैल केल्या, गप्प झालं. कव्हरवाला सेन्सरच काढून टाकू म्हणत होता, मी साफ नाही म्हटलं.

झुळूक:
+१. आमच्याकडे दप्तर. आता मागे खाली ठेवतो. बाळ उठलं, नंतर लिहिते

रिव्हर्स:
मोगराताई, बरं केलंत. त्या खोट्या क्लिपा बक्कलात अडकवून आवाज बंद करणारे बघितले की जीव तुटतो. एअरबॅग पट्ट्याच्या जोडीनं काम करायला बनवलेली असते, पट्टा नसेल तर तीच इजा करू शकते. पट्टा लावूनही वाजत असेल तर बक्कलात टॉर्च मारून बघा. भावाच्या गाडीत आत नाणं अडकलं होतं.

धुकं:
सीटखाली हात घालणाऱ्यांसाठी: पिवळे कनेक्टर सहसा एअरबॅगचे असतात. घरी ओढाताण करू नका, जाणकाराकडेच द्या.

टायरछाप:
आमचा फक्त वळणावर वाजायचा. सरळ रस्त्यावर एकदम चूप. सगळे म्हणाले वायर लूज असेल. बहिणीनं बॉनेट उघडून ब्रेक फ्लुइडची टाकी बघितली तर पातळी 'मिन'च्या रेषेवर. वळणावर फ्लुइड एका बाजूला जायचं आणि आतला तरंगता फ्लोट खाली बसायचा. नुसतं वरून भरून चालत नाही, पॅड झिजले की पातळी उतरते. आमचे पार झिजले होते! लाइन गळते का तेही बघावं लागतं. तो आवाज तेव्हा कुणी तोडून टाकला असता तर... नको तो विचार.

काजवा:
बापरे टायरछाप. बहिणीला सलाम.

धुकं:
पट्ट्याच्या आवाजावर लोक पूर्वीपासून चिडतात बरं का. अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलच्या गाड्या पुढच्यांनी पट्टा लावल्याशिवाय सुरूच होत नसत. इतका संताप झाला की त्याच वर्षी तिथल्या संसदेनं ती सक्ती काढली आणि ८ सेकंदांपेक्षा जास्त वाजणारा बझर सक्तीचा करायलाही बंदी घातली. मला तर हल्लीचा चिवट आवाजच बरा वाटतो.

काजवा:
मोगरा, कव्हर कापडी का रेक्झिनचं? आम्हाला बदलायचंय

मोगरा:
कापडी. उन्हात चटका बसत नाही. फक्त सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तिथे शिवण मोकळी असलेलंच घ्या.

रिव्हर्स:
सकाळी स्टार्ट करताना एकदम चार-पाच दिवे आणि आवाज येत असतील तर आधी बॅटरी तपासा. व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट काहीही दाखवतं. काकांचा सेन्सर बदलून झाला, दोष बॅटरीच्या गंजलेल्या टर्मिनलचा निघाला.
पण ऑइलचा लाल दिवा लागून वाजत असेल तर तपासण्या नंतर. गाडी बाजूला, इंजिन लगेच बंद.

काजवा:
टायरछाप, फ्लुइड कुठलं घातलंत?

टायरछाप:
टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं, डॉट ३ का डॉट ४. तेच घाला. आणि सीलबंद डबाच घ्या, उघडा राहिलेला नको. हवेतली ओल ओढून घेतं ते.